जुनी अमेरिकन सोन्याची नाणी जमवायचीयत? मग आधी हे वाचा

पहिली गोष्ट, टांकसाळीने किती नाणी पाडली तो आकडा बघून हुरळून जाऊ नका, कारण विसाव्या शतकाच्या पहिल्या तीसेक वर्षांतल्या अमेरिकन सोन्याच्या नाण्यांमध्ये पाडली किती यापेक्षा वाचली किती ते महत्त्वाचं. १९३३ ला अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्टने लोकांकडचं सोनं जमा करायला लावलं, नंतर पोत्यांच्या पोती वितळवली गेली. १९२७ चं डेन्व्हरच्या टांकसाळीचं २० डॉलरचं नाणं घ्या, पाडली १,८०,००० आणि आज माहितीतली जेमतेम डझनभर! उलट १९११ चं डेन्व्हरचं अडीच डॉलरचं, पाडलीच फक्त ५५,६८०, पण पैसे असतील तर मिळतं.

सुरुवात कुठून करायची तर सेंट-गॉडेन्स या शिल्पकाराने डिझाईन केलेल्या २० डॉलरवाल्यातलं एखादं कॉमन, म्हणजे सहज मिळणारं साल घ्या. ३३.४ ग्रॅम वजन, ९० टक्के सोनं, म्हणजे निदान सोन्याची किंमत तरी कुठे जात नाही. ते हातात घेऊन नजर तयार करा, मग १९०७ च्या हाय रिलीफची, म्हणजे डिझाईन खूप वर उठलेल्या नाण्याची स्वप्नं बघा (त्यावर साल रोमन आकड्यात असतं, आणि काय देखणं नाणं आहे यार).

प्रॅट या शिल्पकाराच्या डिझाईनची अडीच आणि पाच डॉलरची नाणी मात्र वेगळीच, डिझाईन वर उठलेलं नाही तर आत खोदल्यासारखं, त्यामुळे झीज किती झालीय ते नवख्याला कळतच नाही, मीही एकदा झिजलेलं नाणं नव्यासारखं समजून घेतलं होतं. टांकसाळीचं अक्षर मागच्या बाजूला बाणांच्या टोकांपाशी शोधायचं, डी म्हणजे डेन्व्हर, एस सॅन फ्रान्सिस्को, अक्षरच नसेल तर फिलाडेल्फिया. १९११ च्या डी वर भिंग लावून बसा, साध्या फिलाडेल्फियाच्या नाण्यावर डी चिकटवून विकणारे महाभाग आहेत. म्हणून महागडं नाणं पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या कंपन्यांच्या स्लॅबमधलंच (सीलबंद प्लास्टिकच्या डबीतलं) घ्या, आणि स्लॅबचा नंबर त्यांच्या साइटवर टाकून फोटो जुळतोय का तेही बघा, स्लॅबसुद्धा नकली निघतात.

आणि पुसू नका हो! चकचकीत केलेलं नाणं जाणकार लांबूनच ओळखतात आणि भाव धाडकन पाडतात.

१९३३ चं २० डॉलरचं कोणी दाखवलं तर हातही लावू नका. खाजगी मालकीला कायदेशीर परवानगी असलेलं एकच आहे, २०२१ मध्ये जवळपास १.८९ कोटी डॉलरला गेलं. बाकीची सरकारची, त्यामुळे 'आजोबांच्या पेटीत सापडलं' वगैरे ऐकलं की नमस्कार करून निघायचं.