पाण्याखालीच पाहायचे स्फुरद : गोथाइटवरील अधिशोषणाचा इन्फ्रारेड अभ्यास

खानदेशातील केळी आणि कापसाला दिलेल्या स्फुरदाचा बराच भाग मातीच्या कणांच्या पृष्ठभागावर धरला जातो; यालाच अधिशोषण म्हणतात. तो कणाशी थेट बंध करतो की पाण्याचा थर मधे ठेवून जवळ थांबतो, हे कण पाण्यात असतानाच पाहायचे असल्यास एटीआर (स्फटिकाच्या आत परावर्तित होणाऱ्या प्रकाशाने मापन करणारी) जोडणी असलेला एफटीआयआर, म्हणजे पदार्थ कोणता इन्फ्रारेड प्रकाश शोषतो हे नोंदवणारा वर्णपटमापक, हे योग्य साधन आहे. नमुना वाळवून पोटॅशियम ब्रोमाइडची गोळी करण्याचा मार्ग सोपा असला तरी तो टाळावा, कारण पाणी निघून जाताच पृष्ठभागावरील बंधांचे स्वरूप बदलू शकते.

शेतातील काळ्या मातीपासून सुरुवात करण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. बेसाल्टपासून बनलेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणमातीचे खनिज भरपूर असते, आणि त्याचा सिलिकॉन-ऑक्सिजन बंधाचा प्रखर शोषणपट्टा तरंगसंख्या (एका सेंटीमीटरमध्ये मावणाऱ्या प्रकाशलहरींची संख्या) 1000 ते 1100 प्रति सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे नेमका फॉस्फेटच्या (स्फुरदाच्या विरघळलेल्या रूपाच्या) जागी येतो. म्हणून प्रयोगशाळेत तयार केलेले शुद्ध गोथाइट, म्हणजे मातीत आढळणारे लोहाचे एक खनिज, घ्यावे. द्रावणे उकळून थंड केलेल्या ऊर्ध्वपातित पाण्यात करावीत; विहिरीच्या पाण्यातील बायकार्बोनेट स्वतःच गोथाइटवर बसते आणि कॅल्शियममुळे फॉस्फेटचा साका होऊ शकतो.

पाणी 1640 प्रति सेंटीमीटरच्या आसपास इतके प्रखर शोषण करते की आरपार मापनात द्रवाचा थर सुमारे 10 मायक्रॉनहून पातळ ठेवावा लागतो. एटीआरमध्ये स्फटिकाच्या आत परावर्तित होणारा प्रकाश द्रवात थोडाच शिरतो : झिंक सेलेनाइडचा स्फटिक आणि 45 अंशांचा कोन असल्यास 1000 प्रति सेंटीमीटरला सुमारे 1.5 मायक्रॉन. हा स्फटिक सामू (पीएच) 5 ते 9 च्या दरम्यानच वापरावा. तीव्र आम्लात त्याची हानी होते आणि विषारी वायू सुटतो. अधिक आम्लधर्मी प्रयोगासाठी हिरा किंवा जर्मेनियम घ्यावे.

गोथाइटच्या पातळ निलंबनाचे काही थेंब स्फटिकावर पसरून नायट्रोजनच्या मंद झोतात वाळवावेत, सैल कण धुवून टाकावेत आणि प्रवाही कोशिकेतून (स्फटिकावरून द्रावण वाहते ठेवणाऱ्या बंद कप्प्यातून) ठरावीक सामूचे 0.01 मोलर सोडियम क्लोराइड सोडत राहावे. येथे घाई करू नये. लागोपाठचे वर्णपट एकसारखे दिसू लागेपर्यंत, प्रसंगी काही तास, थांबावे आणि मगच पार्श्वभूमी (पुढच्या वर्णपटांतून वजा करायचा फॉस्फेटविरहित वर्णपट) नोंदवावी, कारण पुढचे सारे निष्कर्ष या वजाबाकीवर उभे असतात. पावसाळ्यात दमट हवेतील बाष्पाच्या बारीक रेषा 1400 ते 1900 दरम्यान घुसतात, तेव्हा उपकरणात कोरड्या नायट्रोजनचा प्रवाह अखंड ठेवावा.

त्यानंतर त्याच सामूचे, उदाहरणार्थ 50 मायक्रोमोलर फॉस्फेट असलेले द्रावण सोडून ठरावीक अंतराने वर्णपट घ्यावेत. गोथाइटचे 890 आणि 795 जवळचे पट्टे ऋण दिशेने वाढू लागले, तर थर निसटतो आहे असे समजून तो प्रयोग बाद करावा. हेच द्रावण उघड्या स्फटिकावरूनही सोडून पाहावे. तेथे पट्टे जवळपास दिसले नाहीत, तरच आधीचे पट्टे पृष्ठभागावरील फॉस्फेटचे मानता येतात.

तुलनेसाठी फॉस्फेटच्या तीव्र द्रावणाचा वर्णपट लागतो. सामू 9 जवळ त्यात 1077 आणि 989 चे ठळक पट्टे दिसतात, तर सामू 4.5 जवळ 1156, 1077, 940 आणि 875 चे. अधिशोषित फॉस्फेटचे पट्टे त्याच सामूच्या द्रावणाहून संख्येने आणि जागेने वेगळे असतील, तर लोहाशी थेट बंध झाल्याचे ते सबळ लक्षण आहे. मात्र बंध एका ऑक्सिजनमधून आहे की दोन, हे केवळ पट्टे मोजून ठरवू नये, कारण प्रोटॉन जोडला गेला तरीही रेणूची सममिती घटते. त्यासाठी अनेक सामूंवर मापन करावे आणि जड पाण्यात तुलना करावी. जड पाण्याचा स्वतःचा पट्टा मात्र 1210 जवळ येतो, हे वाचताना ध्यानात ठेवावे.

शेवटी फॉस्फेटविरहित द्रावण पुन्हा सोडून किती पट्टे उतरतात ते नोंदवावे. झिंक सेलेनाइड मऊ असल्याने थर ओल्या, मऊ कापसाने हलक्या हाताने पुसावा. गोथाइट आम्लाने विरघळवण्याची सोय या स्फटिकावर नाही.