एनडीपीएसची केस: आधी वजन पाहा

एफआयआर हातात आली की आधी पदार्थ आणि वजन पाहा. एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायदा, 1985 मध्ये शिक्षा त्यावरच ठरते. गांजा 1 किलोपर्यंत असेल तर 1 वर्षापर्यंत सक्तमजुरी, 10 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 20 किलोच्या वर गेला की किमान 10, कमाल 20 वर्षं आणि 1 ते 2 लाख दंड. शिवाय कलम 37 मुळे जामीन फार अवघड. मधल्या वजनाला 10 वर्षांपर्यंत.

मग पंचनामा बारकाईने वाचा. गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवायची नुसती पानं-बिया त्यात धरत नाहीत. पोत्यात सगळं एकत्र मोजलं असेल तर तिथेच बोट ठेवा. एमडीत (मेफेड्रोन) मात्र हा युक्तिवाद चालत नाही, भेसळीसकट वजन धरतात (हिरा सिंग निकाल, 2020).

अंगझडतीआधी राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडतीचा हक्क सांगितला होता का? हा हक्क देणाऱ्या कलम 50 वर बरेच जण भिस्त ठेवतात, पण माल बॅगेत सापडला असेल तर ते लागूच होत नाही. त्यापेक्षा नमुने मॅजिस्ट्रेटसमोर काढले का, सील शाबूत होतं का, हे तपासा.