एबीएसचा दिवा पेटला म्हणून लगेच सेन्सर बदलू नका

मागच्या पावसाळ्यात गुहागरहून एक काका आमच्या चिपळूणच्या गॅरेजवर आले. गाडी पाच-सहा वर्षांची हॅचबॅक, मीटरवर एबीएसचा पिवळा दिवा. एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. पुढच्या डाव्या चाकाचा वेग मोजणारा सेन्सर दुसरीकडे दोनदा बदलून झाला होता आणि काढलेले दोन्ही सेन्सर काकांनी पिशवीत जपून आणले होते. मी ते बाकावर तपासले. दोन्ही धडधाकट. म्हणजे चांगला सेन्सर काढून त्या जागी चांगलाच सेन्सर बसवला गेला होता, तोही दोनदा, काकांच्या पैशांनी. हे टाळता येतं, आणि त्यासाठी महागडी यंत्रं लागत नाहीत. म्हणून मी कसं तपासतो ते सविस्तर सांगतो.

आधी दिवा नीट बघा. किल्ली फिरवली की एबीएसचा दिवा दोन-तीन सेकंद पेटून विझायला हवा. विझलाच नाही तर बहुतेक वेळा वायर तुटलेली, शॉर्ट किंवा फ्यूज गेलेला असतो. एबीएसच्या कॉम्प्युटरला उभ्या गाडीतही हा दोष कळतो. दिवा विझला, गाडी निघाली आणि १०-२० च्या वेगाला पुन्हा पेटला, तर सर्किट जोडलेलं आहे, पण चाकाकडून येणारी खूण बरोबर येत नाही. मग रिंग (सेन्सरसमोर चाकाबरोबर फिरणारी दातांची किंवा चुंबकी कडी), बेअरिंग, सेन्सर आणि रिंगमधली फट यांच्याकडे बघायचं. एवढ्या एका निरीक्षणाने अर्धी शोधाशोध वाचते, म्हणून मी गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न हाच विचारतो.

फक्त पिवळा दिवा असेल तर साधा ब्रेक लागतो, पण जोरात दाबल्यावर चाक जाम होऊ शकतं. परशुराम घाटात ओल्या रस्त्यावर ते जिवावर बेतेल. पिवळ्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही असेल तर गाडी तिथेच थांबवा आणि ब्रेक ऑइल बघा. तशी गाडी चालवत गॅरेजला आणू नका.

मग कोड, म्हणजे कॉम्प्युटरने नोंदवून ठेवलेला दोषाचा क्रमांक. मोबाइलला जोडायचे स्वस्त स्कॅनर बहुतेक वेळा फक्त इंजिनचे कोड वाचतात. एबीएसच्या कॉम्प्युटरशी बोलणारा स्कॅनर हवा. पुष्कळ गाड्यांत सी ००३५ म्हणजे पुढचं डावं चाक, सी ००४० पुढचं उजवं, सी ००४५ मागचं डावं, सी ००५० मागचं उजवं. काही कंपन्यांचे आकडे वेगळे असतात, तेव्हा त्या गाडीचंच पुस्तक बघायचं. कोडचा अर्थ लावताना मात्र घाई नको. तो सांगतो की या चाकाच्या सर्किटमध्ये गडबड आहे. त्या सर्किटमध्ये सेन्सर आहे, दोन वायर आहेत, कनेक्टर आहे, रिंग आहे, बेअरिंग आहे. यातलं कोण दोषी, ते कोड सांगत नाही.

स्कॅनरवर चारही चाकांचे वेग एकदम दिसतात, ते पान उघडा. शेजारी कुणाला तरी बसवा आणि सरळ रिकाम्या रस्त्यावर २० च्या वेगाने न्या. तीन चाकं २० आणि एक शून्य दाखवत असेल तर चाक सापडलं. एक चाक सतत थोडं जास्त दाखवत असेल तर आधी टायर बघा: हवा कमी आहे का, चाकावर लहान मापाची स्टेपनी आहे का. टायर लहान असला की तेवढ्याच अंतरात त्याचे फेरे जास्त होतात. एक चाक मधूनच शून्यावर जाऊन परत येत असेल तर वायर किंवा तडकलेली रिंग.

गाडी थांबता थांबता, शेवटच्या दोन-चार मीटरमध्ये, पॅडल पायाखाली घरघरतं अशी तक्रार पुष्कळ येते, आणि पुष्कळदा दिवा पेटलेला नसतो. कमी वेगात जुन्या पद्धतीच्या सेन्सरची खूण आधीच क्षीण असते. त्यात फट वाढली किंवा रिंगचा दात तुटला तर ती एकदम नाहीशी होते. कॉम्प्युटरला वाटतं की चाक जाम झालं, आणि तो त्या चाकाचा ब्रेक सोडतो. म्हणजे थांबायच्या वेळी गाडी पुढे सरकते. ही तक्रार किरकोळ समजून कुणाला परत पाठवू नका.

आता गाडी जॅकवर. गाडी सरकू नये म्हणून जमिनीवरच्या चाकांना उटी लावा, स्टँड द्या, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नका. वायर डोळ्यांनी आणि बोटांनी तपासा. पुढच्या चाकांची वायर शॉकअपजवळच्या क्लिपपाशी वाकते आणि स्टेअरिंगबरोबर रोज शेकडो वेळा हलते. वरचं रबर चांगलं दिसतं आणि आतली तार तुटलेली असते. मीटर लावून ठेवा, दुसऱ्याला स्टेअरिंग पूर्ण डावी-उजवीकडे फिरवायला सांगा आणि आकडा उडतो का बघा.

मग कनेक्टर. आमच्याकडे हा मोठा शत्रू आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, शेकडो गाड्या बुडाल्या. त्या धुऊन पुसून सुरू झाल्या, पण पुढची दोन वर्षं त्यांचे कनेक्टर माझ्याकडे येत राहिले. पितळेच्या भांड्याला चढतो तसा हिरवा कळंक पिनांवर चढलेला. किनाऱ्यावरच्या गाड्यांना पूर न येताही हे होतं, खारी हवा पुरते. पिना कॉन्टॅक्ट स्प्रेने धुवा. कळंक वायरच्या आत चढला असेल तर तेवढा तुकडा कापून नवीन जोडा, झाळा आणि चिकट आवरणाची स्लीव्ह तापवून बसवा. नुसती पिळून टेप गुंडाळलेली वायर पहिल्या पावसात परत येते.

मोजण्याआधी सेन्सर कुठल्या जातीचा ते ओळखायचं. जुना म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तार. त्याला बाहेरून वीज लागत नाही. कनेक्टर काढून मीटर ओहमवर लावा, साधारण ८०० ते २५०० ओहम येतात. नेमका आकडा गाडीगणिक बदलतो, म्हणून त्याच जोडीतल्या दुसऱ्या चाकाच्या सेन्सरशी ताडून बघा. पिनेपासून बॉडीपर्यंत काहीच आकडा येता कामा नये. मग मीटर एसी व्होल्टवर घेऊन चाक हाताने सेकंदाला एक फेरा या गतीने फिरवा. १८५/६५ आर १५ टायरला हा वेग जेमतेम ताशी ७ किलोमीटर होतो, तरी मिलिव्होल्टमध्ये आकडा चढायला हवा.

नवीन जातीच्या सेन्सरला कॉम्प्युटरकडून वीज मिळते. त्याला ओहम लावू नका. आकड्याचा काही अर्थ निघत नाही आणि आतला सर्किट दुखावू शकतो. कनेक्टर काढा, किल्ली फिरवा आणि लगेच गाडीच्या बाजूच्या दोन पिनांमध्ये व्होल्ट मोजा, कारण दोष दिसला की काही कॉम्प्युटर वीज बंद करतात. बहुतेक गाड्यांत बॅटरीच्या आसपास आकडा येतो. आला नाही तर सेन्सर कितीही नवा आणा, उपयोग नाही. दोष वायरचा किंवा कॉम्प्युटरचा आहे.

असा सेन्सर मी बाकावर तपासतो तो असा: १२ व्होल्टची बॅटरी, मध्ये १०० ओहमचा रेझिस्टर, आणि सेन्सरसमोर जुन्या बेअरिंगची चुंबकी रिंग हळूहळू फिरवायची. सेन्सर ७ आणि १४ मिलिअँपियर असा आळीपाळीने करंट ओढतो, त्यामुळे रेझिस्टरवर ०.७ आणि १.४ व्होल्ट आलटून पालटून दिसतात. एकाच आकड्यावर अडकला तर सेन्सर गेला. वायरी उलट्या जोडू नका. काकांच्या पिशवीतले दोन्ही सेन्सर ०.७, १.४, ०.७, १.४ असे घड्याळासारखे चालले.

राहिली रिंग. काही गाड्यांत एक्सलच्या जॉइंटवर दातांची लोखंडी रिंग असते. तिच्याखाली गंज फुगतो आणि रिंग तडकते. एक्सल पूर्ण एक फेरा फिरवून प्रत्येक दात बघा. पुष्कळ गाड्यांत दात नसतातच, बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकी पट्टा असतो. बाहेरून तो साध्या काळ्या सीलसारखा दिसतो, म्हणून बेअरिंग बदलताना चूक होते. हा पट्टा सेन्सरकडे तोंड करून बसला पाहिजे. बेअरिंग उलटं बसवलं तर चाक छान फिरतं, आवाज नाही, आणि एबीएस मात्र आंधळं. बसवण्याआधी दोन्ही बाजूंना टाचणी लावून बघा, पट्ट्याच्या बाजूला ती ओढली जाते. त्या पट्ट्याजवळ चुंबकाचा ट्रे ठेवू नका, त्यावर हातोडीही पडू देऊ नका.

काकांना विचारलं, दिवा पेटण्याआधी चाकाचं काही काम झालं होतं का? ‘‘बेअरिंग बदललं होतं, आवाज करत होतं म्हणून.’’ हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, उतरवला. बेअरिंग उलटं होतं. दाबून बसवलेलं बेअरिंग काढताना खराब होतंच, त्यामुळे नवीन घ्यावं लागलं. सेन्सर काकांचाच ठेवला.

सेन्सर काढायचा असेल तर एक बोल्ट असतो, पण गंजाने सेन्सर नकलमध्ये, म्हणजे बेअरिंग धरणाऱ्या लोखंडी भागात, आवळून बसतो. गंज सोडवायचं तेल मारून थांबा, मग डावी-उजवीकडे हलवत काढा. भोकातला आणि बसण्याच्या जागेवरचा गंज पॉलिश पेपरने साफ करा. तिथे गंजाचा पापुद्रा राहिला की सेन्सर वर उचलला जातो आणि फट वाढते. ही फट एखाद्या मिलिमीटरच्या आसपासच असते, तेवढा पापुद्राही तिला पुरतो.

शेवटी कोड पुसा, वायर मूळच्या क्लिपांमध्येच बसवा, स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून ती ताणत किंवा टायरला घासत नाही ना ते बघा आणि गाडी चालवा. काही गाड्यांत थोडा वेग घेतल्याशिवाय दिवा विझत नाही. काकांची गाडी मी बहादूरशेख नाक्यापर्यंत नेली, चारही चाकांचे आकडे बरोबरीने चढत गेले. परतताना रिकाम्या, ओल्या रस्त्यावर मागेपुढे बघून एकदा कचकन ब्रेक दाबला. पॅडल थरथरलं, गाडी सरळ रेषेत थांबली. काका शेजारी बसले होते. त्यांनी पिशवीतले दोन सेन्सर काढून माझ्या हातात दिले आणि म्हणाले, ‘‘ठेव, कुणाला तरी लागतील.’’