दिमोना शहराचा इतिहास कसा अभ्यासावा

इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातील दिमोना समजून घ्यायचे असेल, तर आरंभ नकाशापासून करावा. बेरशेबाच्या आग्नेयेस, मृत समुद्राकाठच्या खनिज कारखान्यांच्या वाटेवर हे गाव १९५५ मध्ये का वसवले गेले, याचे बरेचसे उत्तर तिथेच मिळते. कापडगिरण्या आणि अणुसंशोधन केंद्र नंतरचे. त्यांच्याकडे रोजगाराच्या अंगाने पाहावे.

मग स्थलांतराच्या प्रत्येक लाटेची वेगळी नोंद ठेवावी. पहिली कुटुंबे मोरोक्कोची होती. १९६९ मध्ये स्वतःला प्राचीन इस्रायलींचे वंशज मानणारा, मूळचा शिकागोचा कृष्णवर्णीय हिब्रू समाज लायबेरियामार्गे आला, तर १९९० च्या दशकात पूर्वीच्या सोव्हिएत संघातील लोक आले.

दिमोनात स्थायिक झालेल्या बेने इस्रायलांपाशी मात्र मराठी वाचकाने अधिक थांबावे, कारण कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या या यहुदी समाजाने आपल्यासोबत मराठीही तिकडे नेली आणि इस्रायलच्या धर्मपीठाने त्यांच्या यहुदीपणाबद्दल उपस्थित केलेल्या शंकांविरुद्ध, १९६४ मध्ये क्नेसेटने (इस्रायलच्या संसदेने) त्यांच्या बाजूने भूमिका घेईपर्यंत, नेटाने लढा दिला. हा भाग केवळ सरकारी कागदांवरून लिहू नये. वयोवृद्ध रहिवाशांच्या आठवणी शक्यतो मराठीतच ऐकाव्यात, त्यांच्याच शब्दांत टिपाव्यात आणि त्यांतील सनावळी कागदपत्रांशी ताडून पाहावी.