निवृत्तीच्या तोंडावर अतिप्रदानाची वसुली? या चुका टाळा

निवृत्ती जवळ आली की राज्य सरकारी कर्मचाऱ्याचं सेवापुस्तक वेतनपडताळणी पथकाकडे जातं आणि शेरा मारून परत येतं: अमुक वर्षी वेतननिश्चिती चुकली, एक वेतनवाढ जादा दिली, अतिप्रदान (म्हणजे जादा दिलेली रक्कम) वसूल करावे. पुढच्या चुका ठरलेल्या.

पहिली आणि सगळ्यात महाग: ‘वसुलीस माझी हरकत नाही’ असं लिहून देणं. लिपिक म्हणतो, “साहेब, एवढी सही करा, आजच पेन्शनचं प्रकरण मंजुरीला महालेखापालांकडे पाठवतो.” पेन्शन अडकेल या धास्तीने सही होते. नेहमी दिसणारं प्रकरण असं: वर्ग 3 चा कर्मचारी, निवृत्तीला चार महिने, चूक दहा वर्षांपूर्वीची आणि ती कार्यालयाचीच. रफिक मसीह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 18 डिसेंबर 2014 रोजी ज्यांच्याकडून वसुली नको असं सांगितलं, त्यांत वर्ग 3 व 4 चे कर्मचारी येतात, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे येतात, आणि पाच वर्षांहून जास्त काळ चाललेलं अतिप्रदानही येतं. म्हणजे हा माणूस तिन्हीकडून सुरक्षित. तरी उपदानातून (ग्रॅच्युइटीतून) रक्कम कापली जाते, कारण फायलीत त्याचीच संमती लावलेली असते. मग ‘दबावाखाली सही केली’ हे सिद्ध करत बसा. सही करायचीच तर ‘पत्र मिळाले, मजकूर मान्य नाही’ एवढं लिहून तारखेसह करा.

जुनं हमीपत्र, म्हणजे ‘जादा मिळालं तर परत करीन’ असं पूर्वी लिहून दिलेलं, विसरणं हा याच चुकीचा भाऊ. सर्वोच्च न्यायालयाच्याच जगदेव सिंग प्रकरणात (2016) सुधारित वेतनश्रेणी घेताना दिलेलं हमीपत्रच अंगाशी आलं आणि दोन वर्षांच्या हप्त्यांत वसुली मान्य झाली. म्हणून उत्तर लिहिण्याआधी विकल्पपत्र (वेतनश्रेणी निवडल्याचं पत्र) आणि हमीपत्र यांच्या प्रती मागा. हमीपत्र सातव्या वेतन आयोगाच्या वेतननिश्चितीचं आणि चूक त्याआधीच्या आश्वासित प्रगती योजनेतली (पदोन्नती न मिळालेल्यांना ठरावीक वर्षांनी वरची वेतनश्रेणी देणारी योजना) असेल, तर हा मुद्दा वेगळा परिच्छेद करून मांडा.

दुसरी चूक: वसुलीचा तक्ता न तपासता रकमेवर हुज्जत घालणं. महिनावार तक्ता मागा: देय मूळ वेतन, दिलेलं मूळ वेतन, त्या महिन्याचा महागाई भत्ता, घरभाडे भत्ता. घाईत केलेल्या तक्त्यात एकच दर खालपर्यंत ओढलेला सापडतो. जानेवारी 2020 ते जून 2021 महागाई भत्ता 17 टक्क्यांवर गोठलेला होता. मूळ वेतनातला फरक 1,400 रुपये असेल तर त्यावर भत्ता 238 रुपये. तिथे 50 टक्के लावले तर 700. अठरा महिन्यांत 8,316 रुपये उगाच वाढले. बिनपगारी रजेचे महिनेही पाहा.

वसुली थांबली म्हणजे चुकीचं वेतन कायम राहिलं, असं समजू नका. वेतन दुरुस्त होतं आणि पेन्शन त्या दुरुस्त वेतनावरच बसते.

खोटी माहिती देऊन वाढ घेतली असेल तर रफिक मसीहचं नाव काढू नका.

तोंडी विनंत्या करत साहेबांच्या केबिनबाहेर बसणं बंद करा. अर्ज आवक नोंदवून द्या, पोच घ्या. मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जायला अंतिम आदेशापासून एक वर्ष असतं, आणि ‘बघू, करू’मध्ये ते सहज संपतं. जिल्हा परिषदेचे कर्मचारी मॅटच्या कक्षेत येत नाहीत. त्यांना उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते.