टनेल ‘अप’ आहे म्हणता, मग टॅली का उघडत नाही? टनेल तपासताना या चुका टाळा

संध्याकाळी सव्वासहा. अंधेरीच्या ऑफिसातून ऐरोलीच्या डेटा सेंटरमधल्या सर्व्हरपर्यंत आयपीसेकचा टनेल, म्हणजे इंटरनेटवरून जाणारा कुलूपबंद (एन्क्रिप्टेड) रस्ता, उभा राहतो. स्क्रीनवर ‘एस्टॅब्लिश्ड’ येतं, पिंग (‘आहेस का?’ विचारणारं छोटं पॅकेट) जातो, टॅली उघडतं आणि टनेल लावणारा गडी विरार लोकल पकडायला धावतो. साडेसातला, गर्दीत लटकलेला असताना, फोन: काहीच चालत नाहीये. तो सांगतो, सर्व्हिस रीस्टार्ट करा. चालू होतं. तासाभराने पुन्हा ठप्प. दुसऱ्या दिवशी क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत, दर अर्ध्या तासाने रीस्टार्ट करणारी एक ओळ जाऊन बसते आणि तिलाच ‘सोल्यूशन’ म्हणायला सुरुवात होते.

हा प्रकार इतक्या ऑफिसांत सापडतो की आता रागही येत नाही. यात दोन चुका एकमेकींच्या गळ्यात गळे घालून आहेत. पहिली चूक म्हणजे ‘एस्टॅब्लिश्ड’ वाचून थांबणं. तो शब्द आयकेई एसएचा (आयकेई म्हणजे किल्ल्या ठरवायची बोलणी, एसए म्हणजे त्यातून झालेला सुरक्षेचा करार), म्हणजे दोन टोकांनी एकमेकांना ओळखलं एवढंच. डेटा वाहून नेतो तो चाइल्ड एसए. स्ट्राँगस्वान हे आयपीसेकचं सॉफ्टवेअर असेल तर त्याची ‘स्वानसीटीएल --लिस्ट-एसएज’ ही कमांड चालवल्यावर खाली चाइल्डची ओळ आहे का, ती ‘इन्स्टॉल्ड’ म्हणते का आणि आत-बाहेरचे बाइट वाढतायत का, हे बघायचं असतं. तिथवर स्क्रोल करायचा कंटाळा येतो, दुसरं काय!

दुसरी चूक जास्त छुपी आहे. आयकेई व्ही२मध्ये पहिला चाइल्ड एसए ओळख पटवण्याच्या देवाणघेवाणीतच तयार होतो. त्याच्यासाठी वेगळं डिफी-हेलमन (दोन टोकांनी नवी गुप्त किल्ली ठरवायचं गणित) होत नाही. त्यामुळे एका टोकाला पीएफएस (प्रत्येक नव्या किल्लीसाठी नवं डिफी-हेलमन) लावलेलं आणि दुसऱ्याला नाही, अशी गफलत असली तरी सुरुवातीला कुणीच कुरकुरत नाही. ती उघडी पडते पहिल्या रीकीला, म्हणजे किल्ली बदलताना. स्ट्राँगस्वानमध्ये, स्वानसीटीएलच्या डीफॉल्टनुसार, चाइल्डचा रीकी ५४ ते ६० मिनिटांच्या दरम्यान होतो. समोरून ‘नो प्रपोजल चोझन’ (तुझं एकही प्रपोजल, म्हणजे सायफरचा प्रस्ताव, जुळत नाही) येतं, रीकी फसतो आणि जुना चाइल्ड ६६व्या मिनिटाला संपतो. आयकेई एसएच्या रीकीची मुदत मात्र ४ तासांची, म्हणून वरची ओळ ‘एस्टॅब्लिश्ड’च राहते. रीस्टार्ट केला की पहिला चाइल्ड पुन्हा फुकटात मिळतो. म्हणूनच ती क्रॉनची ओळ ‘चालते’.

उपाय दोन मिनिटांचा आहे. टनेल उभा राहिला की लगेच ‘स्वानसीटीएल --रीकी --चाइल्ड’ आणि पुढे चाइल्डचं नाव, असं हाताने रीकी करा. मग यादी पुन्हा बघा: एसपीआय (चाइल्ड एसएचा ओळख-क्रमांक) बदललेला दिसला तरच बॅग उचला. फसला तर दोन्ही टोकांची ईएसपी (डेटा गुंडाळून नेणारा प्रोटोकॉल) प्रपोजलची ओळ एकाखाली एक लिहून वाचा. एकीकडे ‘एईएस२५६जीसीएम१६’ आणि दुसरीकडे त्याच्यापुढे ‘-मॉडपी२०४८’, म्हणजे डिफी-हेलमनचा गट, असेल तर चोर सापडला. आणि काहीही बंद पडलं तरी रीस्टार्टच्या आधी यादी आणि लॉग फाइलमध्ये काढून ठेवा. रीस्टार्टने पुरावा जातो, दोष तिथेच राहतो.

बाइट वाचायची सवय लागली की अर्धं निदान तिथेच होतं. बाहेरचे वाढतायत, आतले शून्य: पॅकेट जातंय, उत्तर येत नाही. समोरचं राउटिंग बघा, वाटेत यूडीपी ४५०० किंवा ईएसपी, म्हणजे प्रोटोकॉल ५०, अडवलाय का ते बघा. दोन्ही शून्य: पॅकेट टनेलमध्ये शिरलंच नाही. बहुतेकदा मास्करेडच्या (आतला पत्ता काढून बाहेरचा लावणाऱ्या) नियमाने सोर्स आयपी आधीच बदललेला असतो, किंवा पिंग थेट सर्व्हरवरून, पब्लिक आयपीनेच केलेला असतो. ‘पिंग -आय’ (कॅपिटल आय) देऊन आतला आयपी वापरा.

वायरगार्ड या दुसऱ्या टनेल सॉफ्टवेअरवाल्यांची तऱ्हा वेगळी. ‘सिस्टीमसीटीएल स्टेटस’ला ‘अ‍ॅक्टिव्ह’ दिसलं की खूश. ते फक्त कॉन्फिग लोड झाल्याचं सांगतं. समोरचं मशीन महिनाभर बंद असलं तरी तेच दिसेल. ‘सुडो डब्ल्यूजी शो’ बघा. उलट, ‘लेटेस्ट हँडशेक’ (दोन टोकांनी एकमेकांना शेवटचं ओळखल्याची वेळ) ९ तासांपूर्वीचा दिसला म्हणून घाबरणारेही कमी नाहीत. रहदारी नसेल तर हँडशेक होतच नाही; असेल तर साधारण दर २ मिनिटांनी नवा होतो. आधी एक पिंग टाका, मग बघा. कीपअलाइव्ह (वाट उघडी ठेवायला ठरावीक वेळाने जाणारं रिकामं पॅकेट) २५ सेकंदांचा लावलेला असूनही हँडशेक ३ मिनिटांहून जुना असेल तर मात्र खरोखर बिघाड आहे. घरचं ब्रॉडबँड नॅटच्या (अनेकांना एकच पब्लिक पत्ता वाटून देणाऱ्या राउटरच्या) मागे असेल तर हे २५ घरच्या टोकाला हवेतच.

हँडशेकची ओळच नसेल तर बाहेरच्या इंटरफेसवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारी कमांड) लावा, यूडीपी ५१८२०वर, किंवा तुम्ही ठेवला असेल त्या पोर्टवर. विचारणा १४८ बाइटची, उत्तर ९२चं. सर्व्हरवर १४८ पोचतच नसेल तर वाटेतली फायरवॉल. १४८ येतंय पण ९२ निघत नाही, तर सर्व्हरची स्वतःची फायरवॉल, नाहीतर किल्ली चुकलीय किंवा घड्याळ. हो, घड्याळ. हँडशेकमध्ये वेळ असते आणि ती आधीच्यापेक्षा पुढची नसेल तर सर्व्हर गपचूप टाकून देतो. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला, घड्याळाची बॅटरी नसलेला छोटा बोर्ड पावसाळ्यात लाइट जाऊन आली की जुन्या तारखेला जागा होतो. त्याचा एनटीपी (घड्याळ जुळवून देणारा) सर्व्हर टनेलच्या पलीकडे ठेवलेला असेल तर मग बसा! एनटीपी टनेलच्या बाहेरून घ्या.

‘रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल’ आलं तर किल्ली शोधत बसू नका. त्या पत्त्यासाठी कुठल्याही पीअरच्या (समोरच्या टोकाच्या) ‘अलाउड आयपीज’मध्ये जागा नाही, एवढाच अर्थ. एकच सबनेट (पत्त्यांचा गट) दोन पीअरना दिलं तर नंतरचा ते पळवतो.

पिंग जातो पण मोठी फाइल अडकते: एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार. वायरगार्डचा भार आयपीव्ही४वर ६० बाइट, आयपीव्ही६वर ८०. पीपीपीओईची (लॉगिन लागणाऱ्या ब्रॉडबँडची) लाइन १४९२ची, त्यामुळे आयपीव्ही६वरून जाताना नेहमीचा १४२० मावत नाही, १४१२ ठेवा.

ओपनव्हीपीएन या तिसऱ्या टनेल सॉफ्टवेअरच्या स्टेटस फाइलवर आंधळा विश्वास नको. ती डीफॉल्टने ६० सेकंदांनी लिहिली जाते आणि सर्व्हरवर ‘कीपअलाइव्ह १० ६०’ असेल तर सर्व्हर गप्प क्लायंटला २ मिनिटांनी मेलेला धरतो; म्हणजे तो फाइलमध्ये ३ मिनिटांपर्यंत जिवंत दिसू शकतो.

मदत मागायला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकणाऱ्यांसाठी: ‘डब्ल्यूजी शो’ खाजगी किल्ली लपवतो, ‘डब्ल्यूजी शोकॉन्फ’ आणि ‘डब्ल्यूजी शो’पुढे लावलेला ‘डम्प’ लपवत नाहीत. आयपीसेकवाल्यांचा ‘आयपी एक्सएफआरएम स्टेट’सुद्धा चालू किल्ल्या उघड्या छापतो. वायरगार्डची खाजगी किल्ली ग्रुपवर गेलीच असेल तर मेसेज डिलीट करून भागत नाही. नवी जोडी बनवा आणि समोरच्या टोकाला नवी पब्लिक किल्ली चढवा.