लहान संस्थेसाठी क्लाउड सर्व्हर: उभारणी आणि रोजची निगा

गिरगावातल्या एका वाचनालयाची वेबसाइट मी सांभाळतो. पुस्तकांची यादी, सभासदांची वर्गणी, दिवाळी अंकांची आगाऊ नोंदणी, एवढाच तिचा पसारा. पूर्वी हे सगळं ग्रंथपालबाईंच्या टेबलाखालच्या पीसीवर चालायचं. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईच्या बहुतेक भागाची वीज गेली, तेव्हा तो पीसी बंद पडला आणि नंतर धड सुरूच झाला नाही. त्यानंतर आम्ही क्लाउडवर गेलो.

क्लाउड सर्व्हर म्हणजे कुणाच्या तरी डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलेला संगणक. जागा आणि वीज मालकाची, पण दाराचं कुलूप आपलं आपणच लावायचं. उभारणी एका संध्याकाळी होते. खरं काम आहे ते त्यानंतरचं, म्हणून हा लेख तिकडे जास्त झुकलेला आहे.

जागा आणि आकार

तुमचे वाचक, ग्राहक मुंबई-महाराष्ट्रातले असतील तर सर्व्हर मुंबईतच घ्या. अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये आणि गुगलने २०१७ मध्ये इथे आपलं क्लाउड रीजन, म्हणजे डेटा सेंटरचा समूह, सुरू केलं. आणखीही काही कंपन्या मुंबईत सर्व्हर देतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत जाऊन परत यायला डेटाला साधारण २०० मिलिसेकंद लागतात. एका पानासाठी अशा दहा-बारा फेऱ्या झाल्या की वाट पाहणं डोळ्यांना जाणवतं. खातं उघडल्यावर रीजन अनेकदा परदेशातलं निवडलेलं असतं, ते आधी बदला.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणून उबुंटू २४.०४ एलटीएस (लिनक्सची दीर्घ मुदतीची आवृत्ती) घ्या. तिला २०२९ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळत राहतील. साध्या वेबसाइटला १ जीबी रॅम पुरते. पण त्याच मशीनवर वर्डप्रेस (वेबसाइट चालवणारं सॉफ्टवेअर) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस) दोन्ही असतील, तर गर्दीच्या वेळी रॅम संपते आणि लिनक्सचं कर्नल (सिस्टिमचा गाभा) सगळ्यात जास्त मेमरी खाणाऱ्या प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रॅमला, मारून टाकतं. ती बहुतेक वेळा मायएसक्यूएलच असते. दिवाळी अंकांची नोंदणी सुरू झाली त्या दिवशी आमचं हेच झालं. २ जीबी रॅम घ्या, आणि डिस्कवर २ जीबीची स्वॅप फाइल (रॅम कमी पडल्यावर वापरायची जागा) करून ठेवा.

आधी कुलूप, मग पाटी

सर्व्हरला सार्वजनिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) मिळाला की काही मिनिटांतच अनोळखी यंत्रं पोर्ट २२ वर, म्हणजे दुरून लॉगिन करायच्या एसएसएचच्या दारावर, पासवर्ड लावून बघायला लागतात. तुमची वेबसाइट किती लहान आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. म्हणून वेबसाइट चढवायच्या आधी ही कामं याच क्रमाने करा.

आपल्या लॅपटॉपवर एसएसएच किल्लीची जोडी तयार करा, ‘ईडी२५५१९’ प्रकारची. खाजगी किल्ली लॅपटॉपवरच राहते, तिलाही पासफ्रेज लावा. सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर जाते. सर्व्हरवर रूटऐवजी (सर्वाधिकारी खात्याऐवजी) स्वतःच्या नावाचा वापरकर्ता करा, त्याला सुडोचे (गरजेपुरते रूटचे) अधिकार द्या आणि किल्लीने आत जाता येतंय याची खात्री करा. मगच पासवर्डने लॉगिन बंद करा.

इथे एक खाच आहे, ती मला उशिरा कळली. एसएसएचच्या मुख्य सेटिंग फाइलमध्ये तुम्ही पासवर्ड बंद केला, तरी तो चालूच राहू शकतो. क्लाउडवरच्या उबुंटूत शेजारच्या फोल्डरमध्ये क्लाउड-इनिटने (सर्व्हरची पहिली मांडणी करणाऱ्या प्रोग्रॅमने) ठेवलेली एक छोटी फाइल असू शकते. ती आधी वाचली जाते, आणि एसएसएच पहिल्यांदा सापडलेली किंमतच धरतं. त्यामुळे दोन्हीकडे बदल करा. सेवा रीस्टार्ट केल्यावर जुनी टर्मिनलची खिडकी उघडीच ठेवून दुसऱ्या खिडकीतून पासवर्डने आत शिरायचा प्रयत्न करा. नकार मिळाला म्हणजे काम झालं.

मग फायरवॉल, म्हणजे बाहेरून कोणती पोर्ट उघडी ठेवायची ते ठरवणारी भिंत. उबुंटूत ‘यूएफडब्ल्यू’ असतं. आधी ओपनएसएसएचला (एसएसएचच्या सेवेला) परवानगी द्या, मग वेबसाइटच्या पोर्ट ८० आणि ४४३ ला, आणि त्यानंतरच फायरवॉल चालू करा. क्रम उलटा झाला तर आपणच बाहेर राहू. तसं झालंच तर घाबरू नका; बहुतेक कंपन्यांच्या पॅनेलमध्ये ब्राउझरमधून उघडणारा कन्सोल असतो, त्यातून आत जाता येतं. मायएसक्यूएलचं पोर्ट ३३०६ बाहेरच्या जगाला कधीही उघडू नका.

सुरक्षेचे अपडेट आपोआप बसण्यासाठी ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ चालू आहे ना, तेही बघून घ्या.

डोमेन आणि प्रमाणपत्र

हे सोपं आहे. डोमेनच्या डीएनएसमध्ये (नावावरून आयपी सांगणाऱ्या नोंदींत) ‘ए’ रेकॉर्डला सर्व्हरचा आयपी लिहा. एनजिनएक्स (वेब सर्व्हर) बसवा, सर्टबॉट हा प्रोग्रॅम चालवून लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं एचटीटीपीएससाठीचं मोफत प्रमाणपत्र घ्या. ते ९० दिवसांचं असतं, सर्टबॉट ते वेळेआधी स्वतः नवं करतं. त्यासाठी पोर्ट ८० उघडं लागू शकतं, तेव्हा ‘आता सगळं ४४३ वरच आहे’ म्हणून ते बंद करून टाकू नका.

बॅकअप

या भागासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

दोन वर्षांपूर्वी एका अपडेटनंतर आमचा डेटाबेस बिघडला. मी निर्धास्त होतो, कारण बॅकअपच्या फोल्डरमध्ये रोजच्या तारखेची फाइल होती. उघडली तर आत काहीच नाही. चार महिन्यांच्या सगळ्या फाइल बरोब्बर २० बाइटच्या. मधे कधीतरी मी डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता, स्क्रिप्टमध्ये बदलायचा राहिला होता. डंप (डेटाबेसची प्रत काढणं) रोज अपयशी होत होता आणि जीझिप (फाइल आवळणारा प्रोग्रॅम) रोज त्या शून्याची नेटकी फाइल करून ठेवत होतं. रिकाम्या जीझिप फाइलचं वजन २० बाइटच भरतं. दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला, “अहो, मे महिन्याच्या वर्गण्या दिसत नाहीयेत.” दोन रविवार आम्ही दोघांनी पावतीपुस्तकं समोर ठेवून एकेक नोंद परत भरली. कागदाची पावती फाडायची बाईंची शिस्त होती, म्हणून निभावलं.

तेव्हापासून मी असं करतो. रोज रात्री डेटाबेसचा डंप आणि अपलोडचं फोल्डर. एक प्रत दुसऱ्या कंपनीच्या स्टोरेजमध्ये, कारण एकच खातं बंद पडलं किंवा चोरीला गेलं तर स्नॅपशॉट (सर्व्हरच्या डिस्कच्या प्रती) सुद्धा त्याच्याबरोबर जातात. फाइल १ एमबीपेक्षा लहान निघाली तर मला ईमेल येतो. आणि महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी, ताजी प्रत एका तात्पुरत्या सर्व्हरवर पूर्ण उतरवून शेवटची पावती दिसते का ते बघतो. एक तास जातो, भाडं थोड्याच रुपयांत भागतं. हा तास टाळू नका.

वेळेचंही भान ठेवा. क्लाउड सर्व्हरचं घड्याळ सहसा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असतं. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) रात्री २ लिहिलं तर काम आपल्या सकाळी ७:३० ला सुरू होतं. टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ करून घ्या.

दर आठवड्याची फेरी

डिस्क किती भरली, रॅम किती उरली, अपडेटनंतर रीबूट राहिलाय का, एवढं बघायला पाच मिनिटं पुरतात. डिस्क ८० टक्क्यांवर गेली की लॉग (सर्व्हरवर काय घडलं त्याच्या नोंदी) आणि जुने बॅकअप तपासा. लॉग सरसकट उडवू मात्र नका. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांत १८० दिवसांचे लॉग जपायला सांगितलं आहे, आणि उबुंटूच्या मूळ मांडणीत एनजिनएक्सचे लॉग १४ दिवसच राहतात. लॉगरोटेटमध्ये (जुने लॉग काढून टाकणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) मुदत वाढवा आणि जुने लॉग स्वस्त स्टोरेजमध्ये हलवा.

बिल आणि खातं

सर्व्हर बंद केला तरी डिस्कचं भाडं चालू राहतं. अ‍ॅमेझॉन फेब्रुवारी २०२४ पासून सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याचेही तासाला ०.००५ डॉलर घेतं. त्यावर १८ टक्के जीएसटी धरा. बजेट अलर्ट लावाच, पण तो फक्त कळवतो, खर्च थांबवत नाही. कार्डावर ऑटो-डेबिट असेल तर १५,००० रुपयांवरच्या बिलाला दर वेळी ओटीपी लागतो, तेव्हा ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो कोणाकडे आहे हे ठाऊक असू द्या.

खातं संस्थेच्या ईमेलवर उघडा, कार्यकर्त्याच्या नाही. कार्यकर्ते नोकरी बदलतात, बदलापूरला किंवा पुण्याला राहायला जातात. दुहेरी पडताळणी चालू करा, किमान दोघांच्या एसएसएच किल्ल्या सर्व्हरवर ठेवा आणि रिकव्हरी कोड कागदावर छापा. आमचे कोड बाईंच्या कपाटात, घटनेच्या आणि भाडेपावत्यांच्या फाइलशेजारी, बंद पाकिटात आहेत. पाकिटावर बाईंची आणि चिटणीसांची सही आहे.